मधुमेही रुग्णाची पिशवी

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात चिकित्सेचे चतुष्पाद वर्णिले आहेत आणि त्यांत रुग्णाचेही चार गुण सांगितले आहेत : स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व. बी.ए.एम.एस.च्या परीक्षेसाठी हे चार शब्द आपण सर्वांनी पाठ केले. व्यवसायात आल्यावर मात्र त्यांतला एकच शब्द आपल्या विशेष स्मरणात राहिलेला दिसतो, तो म्हणजे निर्देशकारित्व. रुग्णाची रक्तशर्करा आटोक्यात येत नाही असे दिसले, की आपण म्हणतो, "काय करणार, रुग्ण सांगितलेले ऐकतच नाही." चौथा गुण जो ज्ञापकत्व, म्हणजे आपली अवस्था वैद्याला यथार्थ सांगता येणे, तो रुग्णाच्या ठायी प्रकट व्हायचा तर त्याला आधी कोणीतरी विचारावे लागते. एवढी साधी गोष्ट ध्यानात येण्यासाठी आम्हांस वीस वर्षांची प्रॅक्टिस आणि एक अपघात खर्ची घालावा लागला. त्या अपघाताची हकीकत सांगून व्यवसायबंधूंपुढे आणि औषधविक्रेत्या मित्रांपुढे काही विचार मांडावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमचा दवाखाना बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगररांगेतील एका बाजाराच्या गावी आहे. दसरा-दिवाळी झाली, की या भागातली गावे निम्मी रिकामी होतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे जातात, ती उन्हाळा तोंडावर आल्यावर परततात. मागे राहतात ती म्हातारी माणसे आणि शाळकरी नातवंडे. प्रमेहाच्या हेतूंमध्ये आस्यासुख आणि स्वप्नसुख शिकलेल्या आमच्या मनाला प्रारंभी नवल वाटे, की जन्मभर कोयता आणि खुरपे चालवलेल्या या माणसांना मधुमेह कसा? आता ते नवल उरलेले नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाने भारतातील मधुमेहींचा अंदाज सुमारे १० कोटी १० लाख एवढा दिला आहे. त्यांतले पुष्कळसे आपल्याच ओसरीवर बसलेले असतात.

अशाच मागे राहिलेल्या एक मावशी, वय पासष्टच्या आसपास, गुडघेदुखी आणि मधुमेह यांसाठी आमच्याकडे चार महिने येत होत्या. अक्षरओळख नाही, पण बोलण्यात हुशार. गुडघ्यांसाठी स्नेहन-स्वेदन आणि मधुमेहासाठी हरिद्रा-आमलकी चूर्ण अशी आमची योजना होती. केसपेपरवर आम्ही प्रत्येक वेळी तीन शब्द लिहीत होतो : 'आधुनिक औषधे चालू'. कोणती, किती, कोणी दिलेली, याचा उल्लेख नाही. तो नव्हता, कारण आम्ही विचारलेच नव्हते.

कार्तिकी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे शेजारच्या तरुणाने मावशींना मोटारसायकलवर मधे धरून आणले. लुगडे घामाने भिजलेले, बोलणे असंबद्ध, ओळख पटेना. शेजारणींनी बाहेरची बाधा समजून लिंबू उतरवले होते आणि त्यात अर्धा तास गेला होता. ग्लुकोमीटरवर आकडा आला ३८. गिळण्याची शुद्ध नसल्यामुळे तोंडात साखर घालणे धोक्याचे होते, म्हणून शिरेतून ग्लुकोज सुरू केले आणि ग्रामीण रुग्णालयात रवाना केले. तेथे त्यांना दोन दिवस ठेवून घेतले. ते योग्यच झाले. ग्लिमेपिराइडच्या जातीच्या गोळ्यांनी उतरलेली साखर एकदा वर आली, तरी काही तासांनी पुन्हा उतरू शकते, विशेषतः वृद्धांत आणि ज्यांची वृक्के दुर्बल आहेत अशांत. शुद्धीवर आला म्हणून रुग्णाला चहा पाजून घरी पाठवणे हे अशा वेळी घातक ठरते.

दुसऱ्या दिवशी त्यांचा सातवीतला नातू औषधांची पिशवी घेऊन आला. ती आम्ही टेबलावर ओतली. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका खासगी डॉक्टरांनी दिलेली ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन यांची संयुक्त गोळी. सरकारी आरोग्य केंद्रातून मोफत मिळालेली तीच दोन औषधे, पण सुटी, वेगवेगळ्या पाकिटांत. मुलाने तोडीच्या मुलखातून जाणाऱ्या-येणाऱ्याच्या हाती पाठवलेली तीच संयुक्त गोळी, पण दुसऱ्या कंपनीची, दुसऱ्या नावाची, दुसऱ्या रंगाच्या पाकिटात. शिवाय रक्तदाबाची गोळी आणि तळाशी आमच्या चूर्णाचा डबा. म्हणजे एकच ग्लिमेपिराइड मावशी रोज तीन ठिकाणचे घेत होत्या, आणि वरून आमचे शर्कराहर चूर्ण.

त्या बऱ्या होऊन आल्यावर आम्ही विचारले, की इतक्या गोळ्या एकदम कशा घेतल्या? त्यांचे उत्तर तर्कशुद्ध होते. "ही लाल पाकिटातली साखरेची. ही पांढरी पायाच्या मुंग्यांची. ही पोरानं धाडलेली अशक्तपणाची. समद्या डॉक्टरांनी येगयेगळ्या दिल्यात, म्हंजी येगयेगळ्या कामाच्याच आसतील की." आणि उपवासाच्या दिवशी पोटात अन्न नसताना त्या का घेतल्या? "उपास अन्नाचा आसतोय. औषधाचा कुटं आसतोय?" मग किंचित थांबून, कोणताही राग न धरता त्या म्हणाल्या, "तुम्ही कदी इचारलंच न्हाई, डॉक्टर. मला वाटलं, तुमाला ठावं आसंल."

या वाक्याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. या रुग्णेत स्मृती होती, ती एकही गोळी चुकवीत नव्हती. निर्देशकारित्व तर इतके होते, की तीन ठिकाणचे निर्देश तिने एकाच वेळी पाळले. उणे होते ते आमच्याकडे.

येथे कोणी म्हणेल, की हा निरक्षरतेचा प्रश्न आहे आणि तो शाळा सोडवतील. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ८२ टक्क्यांच्या पुढे गेलेली होती, तरी औषधाच्या बाबतीत आमचा अनुभव निराळा आहे. गोळ्यांच्या पाकिटावरचा मजकूर बहुतांशी इंग्रजीत आणि तोही मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत असतो. एकाच नावापुढे १ आणि २ असे आकडे असतात. ते मात्रेचे मिलिग्रॅम आहेत हे न कळल्यामुळे 'दोन नंबरची' गोळी म्हणजे दुपारची गोळी, असा अर्थ लावणारे गृहस्थ आम्ही पाहिले आहेत. आमच्याकडे एक निवृत्त प्राथमिक शिक्षक येतात. उत्तम मराठी लिहितात. त्यांना मेटफॉर्मिनची सावकाश विरघळणारी, म्हणजे एस.आर. प्रकारची गोळी चालू होती. एके दिवशी मलात अख्खी गोळी दिसली म्हणून ते घाबरून आले. गोळी पचतच नाही, तर उपयोग काय, असे म्हणून त्यांनी चार दिवस ती खलबत्त्यात कुटून पाण्यातून घेतली होती. वस्तुस्थिती अशी, की अशा काही गोळ्यांतले औषध शोषले जाऊन केवळ टरफल बाहेर पडते, आणि ती कुटली तर दिवसभर पुरवायचे औषध एकदम पोटात उतरते. कोणी हे त्यांना सांगितले नव्हते. खरे सांगायचे तर मल पाहून क्षणभर आमच्याही मनात अग्निमांद्याचे निदान येऊन गेले होते! म्हणजे लिहितावाचता येणे निराळे आणि औषध वाचता येणे निराळे.

आणि इंग्रजी अक्षरांना दोष देताना आपण आपल्या चिठ्ठ्याही एकदा पाहाव्यात. आधुनिक डॉक्टर बी.डी., टी.डी.एस. असे लिहितात म्हणून आपण हसतो. आपण काय लिहितो? 'भोजनोत्तर, कोष्ण जलासह.' आमची अशी एक चिठ्ठी घेऊन एका रुग्णाचा मुलगा दोन मेडिकल फिरला. सर्व औषधे मिळाली, फक्त 'कोष्ण जल' शिल्लक नाही म्हणतात, अशी तक्रार घेऊन तो परत आला. सुश्रुताचार्यांनी औषधसेवनाचे दहा काळ सांगितले आहेत, प्राग्भक्त आणि अधोभक्त यांतला सूक्ष्म भेद आपल्याला कळतो. पण पहाटे चारला उठून, कपभर चहावर फडात जाऊन, अकरा वाजता बांधावर भाकरी सोडणाऱ्या माणसाचे 'प्राग्भक्त' कोणते, हे आपण त्याला विचारतो का? 'सकाळी जेवणाआधी' असे सांगितलेली ग्लिमेपिराइडची गोळी तो पहाटेच्या चहाबरोबर घेतो, कारण त्याची सकाळ तेव्हाच होते. पुढचे सहा-सात तास तो उसाच्या मोळ्या बांधतो. भोवळ आली तर ऊन लागले असे सोबतचे समजतात.

चूर्णाच्या बाबतीत आणखी एक घोळ चमच्याचा आहे. चहाचा चमचा आणि पोह्यांचा चमचा यांत दुपटी-तिपटीचे अंतर असते, आणि घरात बहुधा दुसराच हाताशी असतो. आम्ही आता चूर्णाच्या डब्यातच प्लास्टिकचा लहान चमचा टाकून देतो. जाता जाता आसवारिष्टांविषयीही सांगावेसे वाटते. ती गूळ-साखरेवरच सिद्ध होतात. अवलेहांचेही तसेच. मधुमेही रुग्णाला 'हे आपले आयुर्वेदिक आहे, याने काही होत नाही' असे सांगून ती वर्षभर चालू ठेवणारे रुग्णही आहेत आणि, क्षमा असावी, वैद्यही आहेत.

मग करावे काय? आमच्या वडिलांच्या पिढीतील वैद्यांनी या प्रश्नाचे उत्तर नकळत देऊन ठेवले होते, असे आम्हांस वाटते. ते म्हणजे पुडी. एक मात्रा, एक पुडी. सकाळच्या पुड्या पांढऱ्या कागदाच्या, रात्रीच्या छापील वर्तमानपत्राच्या. रुग्णाला वाचता येवो न येवो, मोजण्याची आणि मापण्याची चूक होण्यास वावच नसे, आणि राहिलेल्या पुड्या मोजल्या, की किती वेळा चुकले तेही वैद्याला कळे. डबे, बाटल्या आणि चकचकीत पाकिटे आली तशी पुडी मागासलेपणाची खूण ठरली. त्यात आम्हीही आलो. आता मधुमेही रुग्णांसाठी आम्ही ती पुन्हा आणली आहे, थोड्या फरकाने. आधुनिक गोळ्या पाकिटातून सोडवून कागदात बांधून ठेवू नयेत, दमटपणाने त्या खराब होतात. म्हणून पाकीट तसेच ठेवून त्याला खूण करतो : सकाळच्या भाकरीच्या गोळीच्या पाकिटाला लाल दोरा, रात्रीच्या भाकरीच्या पाकिटाला काळा. मोतीबिंदूमुळे रंग न दिसणाऱ्यांसाठी एक रबर आणि दोन रबर.

प्रारंभी आम्ही मोठ्या हौसेने चित्रांचे कागद छापून घेतले होते. उगवता सूर्य म्हणजे सकाळ, मावळता सूर्य म्हणजे संध्याकाळ. ते सपशेल फसले. कागदावर उगवता आणि मावळता सूर्य एकसारखाच दिसतो, हे एका आजींनी आम्हांला दाखवून दिले. "ह्यो कुठल्या अंगाचा?" असे त्यांनी विचारल्यावर आम्हांलाही सांगता येईना. तेव्हापासून घड्याळ आणि सूर्य दोन्ही सोडले आणि गोळी माणसाच्या रोजच्या कृतीला बांधली : चहाची गोळी, भाकरीची गोळी, अंथरुणाची गोळी. भाकरीच्या गोळीला आणखी एक वाक्य जोडलेले असते, की भाकरी नाही तर ही गोळी नाही. हे वाक्य सर्व गोळ्यांना लागू नाही, म्हणून कोणत्या पाकिटाला ते लागू हे ज्यांनी गोळी लिहिली त्या डॉक्टरांना फोन करून विचारावे लागते. उपवास, लग्नकार्य, पंढरीची वारी, तोडीचा पट्टा पडणे या प्रत्येक प्रसंगी काय करावे, हेही आधीच विचारून ठेवावे लागते. असा फोन केल्याने आपला मान कमी होतो, अशी भीती आम्हांस होती. तसा अनुभव आलेला नाही. एका डॉक्टरांनी उलट आभार मानले, कारण त्यांनाही सरकारी केंद्रातल्या गोळ्यांचा पत्ता नव्हता.

सर्वांत महत्त्वाची, आणि एक पैसाही खर्च नसलेली गोष्ट म्हणजे रुग्णाकडून परत वदवून घेणे. "समजले का?" हा प्रश्न निरुपयोगी आहे. त्याला महाराष्ट्रातला प्रत्येक रुग्ण "हो" म्हणतो. डॉक्टरांपुढे नाही म्हणणे हा त्याला उद्धटपणा वाटतो. त्याऐवजी आम्ही विचारतो, "मावशी, घरी गेल्यावर सून विचारील, काय दिलं डॉक्टरांनी? तेव्हा तिला कसं सांगाल, ते मला सांगा." मग मावशी पाकीट हातात घेऊन सांगू लागतात, आणि आपण काय चुकीचे समजावले होते ते आपल्याला ऐकू येते. चूक निघाली, तर "मीच नीट सांगितलं नाही" असे म्हणून पुन्हा सांगावे. परीक्षा घेतल्यासारखे झाले, तर पुढच्या वेळी रुग्ण गप्प बसतो.

या वदवून घेण्यात जे ऐकू आले, त्याने आम्ही अनेकदा चकित झालो. रिपोर्ट नॉर्मल आला, आता रोग गेला, म्हणून गोळी बंद. तपासणीच्या आदल्या दिवसापासून गोळी सुरू. लग्नात लाडू खाल्ला म्हणून एक गोळी जास्त. गोळ्या 'गरम पडतात' म्हणून उन्हाळ्यात निम्म्या. हातात पैसे नव्हते म्हणून महिन्याच्या गोळ्या दोन महिने पुरवल्या; हे तर कित्येकांनी मान खाली घालून सांगितले. येथे अज्ञान नाही, रिकामा खिसा आहे, आणि अशा रुग्णाला चित्र काढून देण्यापेक्षा सरकारी केंद्राचा किंवा जनऔषधी केंद्राचा रस्ता दाखवणे हेच त्याचे औषध. मात्र तेथून गोळ्या आणल्यावर जुन्या बंद करायच्या की नव्या वगळायच्या हे पाकिटे समोर ठेवून ठरवून द्यावे, नाहीतर आमच्या मावशींची पुनरावृत्ती व्हायची.

साखर उतरल्याची लक्षणे प्रत्येक रुग्णाला आणि त्याच्या घरच्या एका तरी माणसाला तोंडपाठ असली पाहिजेत : दरदरून घाम, हातापायांना कंप, एकाएकी भूक, धडधड, चिडचिड, असंबद्ध बोलणे. शुद्ध असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी, पाव तासाने फरक नसेल तर पुन्हा द्यावी, मग काही खायला द्यावे. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही न घालता दवाखाना. "साखरेच्या रोग्याला साखर कशी द्यायची?" हा प्रश्न हमखास येतो, आणि त्याच शंकेपायी घरचे लोक मोलाची मिनिटे घालवतात. आम्ही प्रत्येक मधुमेह्याला कनवटीला किंवा खिशात साखरेची पुडी बाळगायला लावतो. पुन्हा पुडीच!

इन्सुलिनकडे आपल्यातील बरेच जण दुर्लक्ष करतात, कारण ते आपले क्षेत्र नव्हे. पण सुई टोचून घेणारा रुग्णही आपल्याकडे येतोच. आपल्या देशात बाटलीतील इन्सुलिन बहुधा मिलिलिटरला ४० युनिटचे आणि पेनच्या नळीतील १०० युनिटचे असते. ४० च्या बाटलीसाठी लाल टोपणाची सिरिंज असते, १०० साठी नारिंगी. ही अदलाबदल झाली, की २० युनिट घेतो असे समजणारा रुग्ण प्रत्यक्षात ८ तरी घेतो, नाहीतर ५० तरी. पहिल्यात साखर आटोक्यात येत नाही, दुसऱ्यात माणूस हाती लागत नाही. बाटली आणि सिरिंज एकदा आपल्या समोर मांडायला सांगावी, बस्स. कोपीवर फ्रिज नसतो. तिथे वापरातली बाटली पाणी लागणार नाही अशा डबीत घालून माठाच्या गारव्याला ठेवता येते, ती साधारण चार आठवड्यांत संपवावी. आणि ज्यांच्या घरी फ्रिज आहे, त्यांनी ती बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये. गोठलेले इन्सुलिन निकामी होते, पण दिसायला तसेच असते.

औषधविक्रेत्या बंधूंना आमची विनंती वेगळी आहे. आमच्याकडे रुग्ण महिन्यातून एकदा येतो, आपल्या काउंटरवर अनेकदा. पाच गोळ्या कापून देताना नाव आणि मुदत ज्या टोकाला असते ते टोक शेवटपर्यंत राहील अशा बाजूने कात्री चालवावी. निनावी तुकडे पिशवीत जमले, की ते कोणाचे हे सांगणे आम्हांलाही जमत नाही. एका कंपनीची गोळी नाही म्हणून दुसऱ्या कंपनीची देण्याची वेळ आली, तर चिठ्ठी लिहिणाऱ्याला विचारून आणि जुने पाकीट समोर ठेवून, "ही त्याच्या जागी, दोन्ही मिळून नाही" एवढे वाक्य बोलावे. हे वाक्य बोललेच पाहिजे, मग दुकानात कितीही गर्दी असो. २०२३ पासून ३०० नावांच्या औषधांवर क्यूआर कोडची सक्ती झाली आहे. बनावट औषध ओळखण्यास ती उपयोगी खरी, पण आमच्या मावशींना त्या चौकोनातून काहीही ऐकू येत नाही. आपला आवाजच त्यांना ऐकू येतो.

आता थोडे अप्रिय. आपल्यातील काही मंडळी 'आठवड्यात इंग्रजी गोळ्या बंद', 'मधुमेहापासून कायमची मुक्ती' अशा पाट्या लावतात. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्याच्या सूचीत मधुमेहाचा स्पष्ट उल्लेख आहे, हे त्यांना ठाऊक नसेल असे नाही. कायद्याचे सोडा. अशी पाटी सुशिक्षित माणूस शंकेने वाचतो. ज्याला वाचता येत नाही, त्याला ती दुसरा कोणी वाचून दाखवतो आणि तो विश्वास ठेवतो. लहान वयात मधुमेह झालेल्या मुलाचे इन्सुलिन थांबवणे म्हणजे त्याचा जीव काही दिवसांत धोक्यात घालणे होय. आपल्या औषधांनी, आहारविहाराने रक्तशर्करा उतरू लागली, तर तो आनंदच आहे. परंतु मात्रा कमी करायची ती ज्यांनी लिहिली त्यांच्या विचाराने आणि तपासणीच्या आकड्यावर. गप्प राहून रुग्णाला स्वतःच ठरवू देणे ही देखील एक प्रकारची पाटीच आहे, असे आमचे मत आहे.

वेळ कोठून आणायचा, हा आक्षेप आमच्या एका स्नेह्याने घेतला. बाजारच्या दिवशी साठ रुग्ण असतात हे खरे. पण पिशवी उघडायला दोन-तीन मिनिटे लागतात, तीही पहिल्या भेटीत. पुढे नुसती बदल झालेली पाकिटे पाहावी लागतात. आमच्याकडील मदतनीस मुलगी बारावी शिकलेली आहे. रुग्ण ओसरीवर असतानाच ती पिशवीतली पाकिटे एकेक करून वहीत उतरवते आणि सारखी वाटणारी दोन पाकिटे बाजूला काढून ठेवते. ज्या आधुनिक गोळ्यांतले औषध आम्हांस ओळखता येत नाही, तेथे आम्ही निमूटपणे फोन उचलतो. 'आधुनिक औषधे चालू' हे शब्द आमच्या केसपेपरवर आता लिहिले जात नाहीत. त्या जागी नावे, मात्रा आणि दोऱ्याचा रंग लिहिलेला असतो.

या व्यवस्थेतही छिद्रे आहेतच. त्या मावशी अजून येतात. आल्या, की विचारण्याआधी पिशवी टेबलावर ठेवतात. गेल्या महिन्यात त्यांनी त्यातून एक पाकीट काढून आमच्यापुढे सरकवले. सरकारी केंद्रातून नवा साठा आला होता, औषध तेच, पण पाकिटाचा रंग बदललेला. "रंग येगळा दिसला, म्हून घेतलीच न्हाई. म्हणलं, आदी डॉक्टरला दावू." आम्हांला समाधान वाटले आणि मग लक्षात आले, की बाजार मंगळवारी भरतो आणि पाकीट मागल्या बुधवारी मिळाले होते. सहा दिवस त्या गोळीविना होत्या. रक्तशर्करा २८० आली. आता त्यांच्या नातवाच्या पाटीवर आमच्या दवाखान्याचा फोन नंबर लिहून दिला आहे, आणि रंग बदलला तर त्याच दिवशी फोन करायचा हे नातवाकडून आणि आजींकडून, दोघांकडूनही वदवून घेतले आहे.